आग रामेश्वरी, पंखा सोमेश्वरी

पुढे ये. तिथे खांबाआड उभा राहून हात पुसत बसू नकोस. आणि बाकीच्यांनी दात काढायचे नाहीत. याच्या जागी तुमच्यातला कुणीही असता, हे मलाही ठाऊक आहे आणि तुम्हालाही.

तर काकांची मारुती ८०० परत आली. जुनी, कार्ब्युरेटरवाली, पण काकांनी जिवापाड जपलेली. तक्रार साधी होती. सिग्नलला उभं राहिलं की काटा चढतो आणि रेडिएटरचा पंखा फिरत नाही. तू बॉनेट उघडलंस, मोटरचा कपलर काढलास, मल्टिमीटरच्या दोन सुया खुपसल्यास. मीटरने १२ व्होल्ट दाखवले आणि तुझा निकाल तयार: करंट येतोय, म्हणजे मोटर गेली. काकांच्या पेन्शनमधून नवी मोटर आणवलीस. बसवलीस, तर तीही फिरेना. इथे तरी थांबायचं होतंस! जिथे जुनी मोटर मुकी बसली होती तिथेच नवीकोरी मोटरही मुकी बसते, याचा अर्थ काय, एवढं एक मिनिट स्वतःला विचारायचं होतंस. पण छे! स्वारीने इग्निशनवरून एक वायर ओढली, दुसरी बॉडीला आवळली आणि फॅन डायरेक्ट करून दिला. वर काकांना दिलासा, 'आता कायम चालू राहील, काळजी नको.' काका चौकापर्यंत गेले आणि काटा पुन्हा लाल पट्ट्याला टेकला. पंखा गरगर फिरतोय आणि गाडी उकळतेय. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच.

अंदाज चुकला म्हणून मी चिडलेलो नाही. अंदाज चुकतात. मी चिडलोय ते तू काहीच तपासलं नाहीस म्हणून, आणि न तपासता दुसऱ्याच्या खिशात हात घातलास म्हणून. हे तुझं जॉब कार्ड बघ. तक्रारीच्या रकान्यात काय लिहिलंयस? 'फॅन मोटर खराब.' काका असं म्हणाले होते का? तक्रारीच्या रकान्यात गिऱ्हाईकाचे शब्द लिहायचे असतात, आपला निकाल नाही. गाडीला हात लावायच्या आधीच तू निकाल लिहून ठेवलास, मग तपासणार कशाला?

आता मुळापासून ऐक, म्हणजे पुन्हा सांगावं लागणार नाही. पद्मिनी आणि अॅम्बॅसडरमध्ये इंजिन उभं असायचं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने. पंखा वॉटर पंपाच्या पुलीवर आणि पट्टा त्याला फिरवायचा. इंजिन चालू की पंखा चालू. १९८३ च्या शेवटी मारुती ८०० आली तिचं इंजिन आडवं, पुलीची बाजू चाकाकडे आणि रेडिएटर समोर. पट्टा तिथवर नेणार कसा? म्हणून विजेचा पंखा. तो गरज पडेल तेव्हाच चालतो आणि त्याला चालू-बंद करायला पाण्याच्या उष्णतेवर चालणारा थर्मो स्विच लागतो. म्हणजे बॅटरीपासून मोटरपर्यंत आणि मोटरपासून परत बॅटरीपर्यंत एक लांब साखळी झाली: फ्यूज, रिले, स्विच, कपलर, अर्थ. मोटर हा त्यातला एक दुवा. तू सरळ तोच का धरलास? कारण तो डोळ्यांना दिसतो आणि दुकानात मिळतो. गंजलेला बोल्ट दुकानात मिळत नाही ना!

पहिला प्रश्न पान्याने सोडवायचा नसतो, तोंडाने विचारायचा असतो. काका, गाडी तापते कधी? सिग्नलला, गर्दीत, उभी असताना तापते आणि मोकळ्या रस्त्यावर वेग घेतला की काटा खाली येतो, असं असेल तर पंख्यावर संशय घ्यायला जागा आहे, कारण वेगात समोरचा वाराच रेडिएटर थंड करतो, पंख्याची गरज पडत नाही. उलट, सपाट हायवेवर ऐंशीच्या वेगात काटा चढत असेल तर पंख्याचा काही संबंध नाही. तिथे चोंदलेला रेडिएटर, अडकलेला थर्मोस्टॅट, वॉटर पंप किंवा हेड गॅस्केट बघा. खंबाटकी घाटात दुसऱ्या गियरवर तापली असं कुणी सांगितलं तर घाई करू नका. तिथे इंजिनावर जोरही असतो आणि वाराही कमी असतो, दोन्ही शक्यता उघड्या ठेवायच्या.

मग पाणी. कॅप थंड इंजिनावर उघडायची, हे इथल्या प्रत्येकाला पाठ आहे आणि तरीही दर वर्षी कुणीतरी फडकं टाकून गरम कॅप फिरवायला जातंच. त्या कॅपवर ०.९ वगैरे आकडा असतो तो नुसती नक्षी नव्हे. तेवढ्या दाबाखाली पाणी १०० च्या वर जाऊनही उकळत नाही. कॅप सैल केलीस की दाब सुटतो आणि तेच पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. फडकं त्याला अडवत नाही.

पाणी कमी असलं तर काय होतं, तेही डोक्यात भर. थर्मो स्विचचं टोक पाण्यात बुडलेलं असायला हवं. पातळी खाली गेली किंवा आत हवा अडकली की ते टोक हवेत लोंबकळतं. इंजिन भाजत असतं आणि स्विचला पत्ता नसतो. पंखा सुरू होत नाही आणि शहाणे लोक मोटर बदलतात. तसंच थर्मोस्टॅटचं. तो बंद अवस्थेत अडकला तर इंजिन तापतं, पण गरम पाणी रेडिएटरमध्ये पोचतच नाही. ज्या गाड्यांत स्विच रेडिएटरच्या टाकीवर असतो, तिथे पंखा लागणार नाही आणि त्यात पंख्याची काही चूक नसते. रेडिएटरला हात लावून बघा. इंजिन उकळतंय आणि रेडिएटर गार, तर पंख्याला शिव्या देऊ नका.

काट्याचंही तेच. या गाडीत काट्याचा सेन्सर वेगळा आणि पंख्याचा स्विच वेगळा. काटा बरोबर चढतोय म्हणून स्विच शाबूत, असा हिशेब मांडायचा नाही. आणि काटा खोटं बोलत असेल तर गाडी तापलेलीच नसते, तेव्हा पंखा न लागणंच बरोबर असतं.

एवढं झालं की बॅटरीची ऋण तार काढून पंख्याचं पातं बोटाने फिरवायचं. तार काढून म्हणालो, ऐकलंस? काही गाड्यांत किल्ली बंद असली तरी पंखा अचानक लागतो आणि बोटं परत चिकटवता येत नाहीत. पातं सहज फिरतंय का, घासतंय का, डगमगतंय का बघायचं. जाम असेल तर बुश किंवा बेअरिंग गेलं. सहज फिरत असेल पण पंखा धक्का दिल्याशिवाय सुरू होत नसेल, तर कार्बन झिजलेत.

आता वीज. इथे तू खरी माती खाल्लीस.

तुझी जुनी मोटर मला भंगाराच्या डब्यात सापडली. मी ती बाकावर पकडीत बांधली, मध्ये फ्यूज घालून दोन वायरी बॅटरीला लावल्या. लागली की नाही? सगळ्यांनी बघितलं. आवाज स्वच्छ, वेग पुरेसा. म्हणजे जी मोटर तू मेली म्हणून टाकलीस ती जिवंत होती. ही तपासणी चहा निवेपर्यंत होते. ती तू केली असतीस तर काकांचे पैसे वाचले असते आणि तुझी लाजही.

मग मीटरने १२ दाखवले ते काय खोटं? खोटं नव्हे. तुला विचारता आलं नाही, एवढंच. कपलर काढलेला असताना तारेतून प्रवाह वाहतच नव्हता. मल्टिमीटरचा स्वतःचा रोध प्रचंड, त्याला वीज लागते नावापुरती. वाटेत बोल्ट सडलेला असो, वायरीची एकच लडी शिल्लक असो, मीटरला १२ च दिसणार. मोटरला मात्र अँपियर लागतात, आणि सुरू होताना तर चालण्याच्या कित्येक पट. कोरड्या नळातही तोटीला थेंब लोंबत असतो, म्हणून बादली भरते का?

बघ आता. मी नवी मोटर मूळ कपलरला जोडतो. कपलर लावलेला, मोटर जोडलेली, आणि मागून वायरीच्या टोकाला सुया. थर्मो स्विचचा कपलर काढून त्याची दोन टोकं तुकड्याने जोडली. रिले टिचकली, ऐकू आलं? मोटर गप्प. आता मोटरच्या दोन टोकांमधलं वाचन सांग. मोठ्याने. जेमतेम १ व्होल्ट. बाकीचे गेले कुठे? एक सुई मोटरच्या अर्थ वायरीवर ठेव, दुसरी बॅटरीच्या ऋण टोकावर. सांग. ११ च्या वर. धड अर्थ असती तर इथे शून्याच्या आसपास काटा हवा, अर्धा व्होल्ट दिसला तरी मी भुवया उंचावल्या असत्या. बॅटरीचा जवळजवळ सगळा जोर त्या अर्थच्या जोडात मरतोय. मोटरला काय, उष्टं!

आता टॉर्च घे आणि खाली वाक. रेडिएटरच्या खालच्या आडव्या पट्टीवर तो बोल्ट दिसतोय? त्याखालचं लग बघ, हिरवं-पांढरं झालंय. वायरीचं आवरण जरा मागे सरकव, आत तांबं काळं पडलंय. पावसाचं पाणी चाकाने उडून तिथेच बसतं. समुद्राकाठच्या गाड्यांत हे आणखी लवकर होतं, कोकणातली जुनी गाडी आली की मी आधी अर्थच बघतो. हा दोष होता. पॉलिश पेपर, नवं लग, चार इंच वायर, थोडं ग्रीस. बास.

मीटर नसता तरी चाललं असतं. तुमच्या डब्यात इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब आहे, त्याला दोन वायरी लावून टेस्ट लॅम्प करायला मी पहिल्या महिन्यात सांगितलं होतं. तो बल्ब पावणेदोन अँपियर मागतो. मोटरच्या कपलरला लावला असतास तर मिणमिणला असता आणि दोष स्वतःहून पुढे आला असता. कुणाकुणाकडे आहे तो लॅम्प? हात वर करा. असं का? छान.

रिले टिचकली म्हणजे रिले चांगली, हाही भ्रम काढून टाका. टिचकते ती कॉइल. आतले संपर्क जळलेले असले तरी ती टिचकतच राहते. ३० वर बॅटरी, ८७ वरून मोटर, ८५-८६ कॉइल. रिले चालू असताना ८७ वर भार टाकून बघायचं. हॉर्नची रिले तशीच असेल तर अदलाबदल करून बघा, फुकटात निकाल लागतो. फ्यूजचंही तेच, काढून उजेडात बघणं म्हणजे तपासणं नव्हे. दोन्ही कानांवर लॅम्प लावा. उडालेल्या फ्यूजच्या जागी सिगारेटची चांदी किंवा दुप्पट अँपियरचा फ्यूज घालणारा मला दिसला, तर त्याने दुसऱ्या दिवशी यायची तसदी घेऊ नये.

स्विच राहिला. दोन टोकं जोडल्यावर पंखा लागला म्हणजे स्विच खराब, हे पुस्तकात आहे आणि अर्धवट आहे. इंजिन पुरेसं तापलंच नसेल तर स्विच उघडा राहणारच, तो त्याचं काम करतोय. म्हणून स्विच काढा, पातेल्यात पाणी तापवा, थर्मामीटर सोडा, मीटर लावा. जुन्या छोट्या गाड्यांत बहुतेक ९० ते १०० च्या दरम्यान कुठेतरी तो जुळतो आणि थंड होताना काही अंश खाली आल्यावर सुटतो. दोन्ही बघायचं, नुसतं जुळणं नाही. आणि पुण्यात बसून एक गोष्ट विसरू नका: इथे उघड्या पातेल्यात पाणी ९८ च्या आसपासच उकळतं. स्विचवर त्याहून मोठा आकडा असेल तर तुम्ही तासभर उकळत बसाल आणि चांगला स्विच कचऱ्यात टाकाल. तेव्हा निम्मं कुलंट मिसळा, मिश्रण १०० च्या वर जातं. ते पातेलं चहाला परत वापरायचं नाही. कुलंट विष आहे, आणि तुमचं मला काही सांगता येत नाही.

आता तुझा पराक्रम नंबर दोन. पंखा फिरत होता तरी गाडी का उकळली? मी जाळीपुढे वर्तमानपत्राचं पान धरलं. पंखा रेडिएटरच्या मागे आहे, त्याने हवा ओढायला हवी. पान जाळीला चिकटायला हवं. ते माझ्या छातीवर आलं! वायरी उलट्या लावल्यास. आतले चुंबक कायमचे, धन-ऋण फिरलं की मोटर उलटी फिरते. तुझा पंखा इंजिनाचीच गरम हवा रेडिएटरमधून बाहेर फुंकत होता, तीही अर्ध्यामुर्ध्या जोराने, कारण पात्याचा बाक उलट दिशेसाठी नाही. चालत्या गाडीत तर तो समोरच्या वाऱ्याशीच कुस्ती खेळत होता. 'पंखा फिरतोय' आणि 'पंखा काम करतोय' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक कागद धरायचे कष्ट होते रे.

आणि ते डायरेक्ट. हा शब्द या शेडमध्ये पुन्हा ऐकू येता कामा नये. डायरेक्ट केल्याने इंजिन गारठतं असं काही जण सांगतात. थर्मोस्टॅट धड असेल तर तसं फारसं होत नाही, उगाच खोटं कारण देऊन मी तुला घाबरवणार नाही. खरी कारणं पुरेशी आहेत. तू वायर ओढलीस ती फ्यूजशिवाय. ती जाळीजवळच्या पत्र्यावर घासून सोलली गेली तर तिथे आग लागते. मोटरचा सगळा भार तू इग्निशन स्विचच्या चिमुकल्या संपर्कांवर टाकलास, ते जळले की काकांची गाडी भर रस्त्यात बंद पडेल आणि तेव्हा ते दुसऱ्याच कुणाकडून इग्निशन स्विच बदलून घेतील. मोटर दिवसभर फिरून लवकर झिजेल. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मूळचा दोष झाकला गेला. पुढचा मेकॅनिक त्या वायरींच्या गुंत्यात डोकं आपटेल. थर्मोस्टॅट काढून फेकणारे याच जातीचे. 'वॉल्व काढला, आता तापणार नाही' म्हणतात, आणि गाडी सकाळी गरम व्हायला अर्धा रस्ता घेते, पेट्रोल पिते.

संगणकवाल्या गाड्यांची तुम्हाला घाई असते म्हणून सांगतो. तिथे स्विचऐवजी सेन्सर आणि इसीयू असतो, एसी लावला की पंखाही लागतो. एसीवर लागतोय आणि तापल्यावर लागत नाही, तर मोटर आणि तिची अर्थ ठीक, पुढे सेन्सरकडे जा. बरं, स्कॅनर आहे म्हणून गंजलेला बोल्ट दिसेल या भ्रमात राहू नका. तो स्कॅनरवर येत नाही.

आता तुझं काय करायचं ते. लावलेली विजेची वस्तू दुकानदार परत घेत नाही, त्यामुळे नवी मोटर आपल्या शिकवणीच्या फळीवर जाईल आणि जुनी मोटर काकांच्या गाडीत परत बसेल. काकांचे पैसे त्यांना आजच परत जातील. ते कुणी द्यायचे, हे मी सांगायची गरज नाही. तुझ्या वायरी काढ. अर्थ नव्याने कर. भार असताना अर्थवरचं व्होल्टेज मोज आणि आकडा जॉब कार्डवर लिही. मग इंजिन चालू ठेवून माझ्यासमोर उभा राहा. पंखा स्वतःहून लागायला हवा, स्वतःहून बंद व्हायला हवा आणि पुन्हा लागायला हवा. कागद धरून दाखव. त्यानंतर काकांना फोन कर आणि दोष काय होता, तो किती क्षुल्लक होता आणि तू काय केलंस, हे तुझ्या तोंडाने सांग. तोवर या कार्डावर माझी सही होणार नाही.